परसातले आर्टिचोक: सॅन होजेतल्या एका हंगामाच्या नोंदी

६ सप्टेंबर २०२२

आज इथे १०९ फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ४३ सेल्सिअस. शहराच्या नोंदीतला सगळ्यांत वरचा आकडा. असल्या उन्हात थंडीच्या पिकाची आखणी करायची म्हणजे गंमतच, पण आर्टिचोकचं वर्ष इथे उन्हाळा सरतानाच सुरू होतं. आर्टिचोक म्हणजे एका मोठ्या काटेरी झाडाचं न उमललेलं फुलाचं बोंड, ते भाजी म्हणून खातात.

अमेरिकेत पिकणारा जवळजवळ सगळा आर्टिचोक कॅलिफोर्नियातला आणि त्यातला बराचसा माँटेरे परगण्यातल्या कास्त्रोव्हिलच्या आसपास. आमच्या घरापासून गाडीने तासाभराचं अंतर, पण हवामानाचा हिशेब पूर्ण वेगळा. तिथे उन्हाळ्यात समुद्रावरून धुकं येतं, दिवसाचा पारा विशीच्या आसपास रेंगाळतो आणि बोंडं जवळजवळ बारा महिने निघतात. आम्ही डोंगराच्या अलीकडे, खोऱ्यात. जूनपासून ऊन तापतं, बोंड घट्ट राहत नाही, पाकळ्या उघडतात, गर चिवट होतो. तेव्हा ठरवलेलं एवढंच: झाडाला अख्खा हिवाळा मिळू द्यायचा आणि जून संपायच्या आत काढणी उरकायची. खतपाणी वगैरे त्यानंतर.

जागा मागच्या कुंपणालगतची. शेजारच्या पर्सिमनची सावली दुपारी तीननंतर तिथे पडते आणि हिवाळ्यात त्या झाडाची पानं गळतात. म्हणजे थंडीत भरपूर ऊन, उन्हाळ्यात दुपारची सावली. आर्टिचोकला हेच हवं.

१२ सप्टेंबर

ट्रेमध्ये बी टोकलं. वाण इम्पीरियल स्टार. कॅलिफोर्निया विद्यापीठाने खास बियांपासून एका वर्षात पीक यावं म्हणून काढलेला. जुना ग्रीन ग्लोब हा फुटव्यांवरून लावतात, बियांपासून लावला तर पहिल्या वर्षी बोंड येईलच असं नाही. इम्पीरियल स्टारला थंडी कमी पुरते, म्हणून आपल्यासारख्यांना तो सोपा.

बी करडईपेक्षा मोठं, करडं, टणक. अर्धा इंच खोल. मातीला साधारण २१ ते २७ अंशांची ऊब लागते, ती सध्या गॅरेजमध्ये फुकट मिळते आहे.

२६ सप्टेंबर

बहुतेक बी उगवलं. रोपं मजबूत, जाड दलं. आज व्हिडिओ कॉलवर ट्रे लातूरला दाखवला. अण्णांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “ही तर करडईच की गं!”

चुकले नाहीत फारसे. करडई, आर्टिचोक, रानातले काटेरी उंटकटारे, सगळी एकाच गोतावळ्यातली, सूर्यफुलाच्या कुळातली. अण्णा ज्वारीच्या कडेने करडईच्या दोन ओळी घालायचे, गुरं आत शिरू नयेत म्हणून. काढणी पहाटेच्या दवात, काटे मऊ असतात तोवर, तीही हाताला फडकी गुंडाळून. तेच काटेरी खानदान मी इथे डॉलर मोजून आणलं, हे ऐकून आई पलीकडून बराच वेळ हसत होती.

९ ऑक्टोबर

खड्डे. दोन फूट रुंद, दीड फूट खोल, एकमेकांपासून चार फुटांवर. पूर्ण वाढलेलं झाड पाच-सहा फूट पसरतं, तेव्हा ह्यापेक्षा जवळ लावण्यात अर्थ नाही. एवढ्या जागेत वीस मिरच्या बसल्या असत्या, हे मनातून जात नाही.

माती इथली काळी, चिकण. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात बुटाला किलोकिलो चिकटणारी. आर्टिचोकला अन्न भरपूर लागतं, त्यामुळे ही माती त्या बाबतीत चांगलीच. अडचण पाण्याच्या निचऱ्याची. हिवाळाभर बुडाशी पाणी साचलं तर गड्डा कुजतो. म्हणून खड्डे भरताना कंपोस्ट आणि कुजलेलं कोंबडीखत मिसळून जमिनीपेक्षा आठ इंच उंच गादी केली.

खड्ड्याच्या तळाशी आणि बाजूंना अर्धा इंची गॅल्व्हनाइज्ड जाळी. कारण गोफर. हा प्राणी जमिनीवर क्वचित दिसतो, भुयारातून येतो आणि मुळं खातो. आर्टिचोकचं मुळ जाड, रसाळ, म्हणजे त्याला मेजवानीच. जाळी पाच खड्ड्यांना पुरली. सहावा कुंपणाच्या कोपऱ्यातला, तो तसाच.

३० ऑक्टोबर

रोपांची निवड. बियांपासूनच्या आर्टिचोकमध्ये साधारण पाचवा हिस्सा तरी वाणाबाहेरचा निघतो. ज्यांच्या पानांना खोल दाते आणि टोकाला काटा, ती बाजूला काढली. आठवड्यातून एकदा फिश इमल्शन (मासळीचं पातळ खत) पाण्यातून चालू आहे. वासामुळे घरातून तक्रारी.

६ नोव्हेंबर

पाऊस पडून गेला आणि शेजारच्या पोर्तुगीज आजोबांच्या अंगणातल्या जुन्या झाडाला बुडाशी फुटव्यांचा घोस आला. सप्टेंबरमध्ये ते झाड अगदी मेलेलं दिसत होतं, वर फक्त वाळकी खोडं. मी तेव्हा विचारलं होतं तर ते म्हणाले, झोपलंय, उठवू नकोस.

आज त्यांनी फुटवे कसे काढायचे ते दाखवलं. आधी हातानेच माती बाजूला सारून फुटवा जुन्या गड्ड्याला कुठे जुळलाय ते बघितलं. मग लांब पात्याचा सुरा सरळ खाली घालून, गड्ड्याचा अंगठ्याएवढा तुकडा फुटव्याबरोबर येईल असा काप. त्या तुकड्याला दोन-चार पांढरी मुळं हवीतच. मुळं नसलेला, नुसता पानांचा फुटवा त्यांनी सरळ कंपोस्टमध्ये टाकला. घेतलेल्या फुटव्यांची पानं वीतभर ठेवून वरची छाटली, नाहीतर मुळं धरायच्या आतच पानं पाणी उडवून टाकतात. दोन मिळाले. वाणाचं नाव त्यांनाही ठाऊक नाही, घर घेतलं तेव्हापासून आहे म्हणाले.

हे फ१ आणि फ२. लगेच लावले, गड्ड्याचं तोंड मातीच्या वर ठेवून.

२० नोव्हेंबर

बियांची चार रोपं बाहेर आली: ब१, ब२, ब३ जाळीच्या खड्ड्यांत, ब४ कोपऱ्यात. प्रत्येकाला चार-पाच पानं.

ह्या तारखेमागचं कारण नोंदवून ठेवते. आर्टिचोकला बोंड धरायचा इशारा थंडीतून मिळतो. १० अंशांच्या खाली एकूण २५० ते ५०० तास, असा साधारण हिशेब सांगतात, इम्पीरियल स्टारला त्यातला खालचा आकडा पुरतो. रोपाला काही पानं असली पाहिजेत, बी पेरून थंडीत ठेवलं तर उपयोग नाही. आमच्याकडे डिसेंबरच्या रात्री बहुतेक ५-६ अंशांवर उतरतात, म्हणजे महिनाभरात तेवढे तास सहज भरतात. जिथे थंडी पुरेशी पडत नाही, त्या वाळवंटी भागातले शेतकरी जिबरेलिक आम्ल (झाडाच्या वाढीचं संप्रेरक) फवारून झाडाची फसवणूक करतात. मला तशी गरज नाही.

थंडीशिवाय काय होतं ते बघण्यासाठी थोडं बी मुद्दाम राखून ठेवलंय. ते जानेवारीत घरात पेरायचं आणि एप्रिलअखेर बाहेर लावायचं.

५ जानेवारी २०२३

तीन वर्षं दुष्काळ, पाणी जपून वापरा म्हणून पत्रं, आणि आता नववर्षाच्या आदल्या दिवसापासून वादळामागून वादळ. अंगणात घोटाभर पाणी. गाद्या पाण्यात बेटांसारख्या वर उरल्या आहेत, गड्डे कोरडे. आच्छादनाचा पेंढा बुडापासून हातभर मागे ओढला. कुंपणाजवळून बाहेर एक चर काढला, त्यातून पाणी वाहतंय.

१७ जानेवारी

पाऊस थांबला. सालिनास नदीचं पाणी कास्त्रोव्हिलच्या बाजूच्या शेतांत शिरल्याच्या बातम्या होत्या. माझी सहा झाडं तगली म्हणून खुश व्हायला कसंतरी वाटतं.

गोगलगायी फार. रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या, दुसरा इलाज इतका खात्रीचा नाही. पानाच्या देठाच्या बेचक्यात बसतात.

उशिराचं बी आज पेरलं.

२४ फेब्रुवारी

सकाळी पूर्वेच्या डोंगरांवर बर्फ! माउंट हॅमिल्टनवर पडतो अधूनमधून, पण आज पार खालच्या टेकड्या पांढऱ्या. रात्री पारा शून्याजवळ. झाडांवर जुनी चादर टाकली होती. पानांची टोकं जराशी करपली, बाकी काही नाही. आर्टिचोकची पानं हलकं दव-हिव सोसतात.

आजोबांच्या जुन्या झाडाला मात्र एक बोंड आलेलं होतं. त्याच्या बाहेरच्या पाकळ्यांवर तपकिरी फोड, वरची साल पापुद्र्यासारखी सुटलेली. मला वाटलं गेलं. त्यांनी ते आनंदाने कापून नेलं. हिवाने भाजलेलं बोंड जास्त गोड लागतं, असं इथले शेतकरीही सांगतात आणि बाजारात त्याच नावाने विकतात.

१४ मार्च

सोसाट्याचा वारा. दोन घरं सोडून एक मोठं झाड पडलं. ब२ ची चार मोठी पानं देठातून मोडली. पहारो नदीचा बंधारा फुटल्याची बातमी तीन दिवसांपासून मनात आहे. स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांचं अख्खं गाव पाण्याखाली गेलं.

२६ मार्च

थंडी सरली तशी झाडं सुटली. फ१ कमरेला लागलं. पानं हातभर लांब, वरून राखाडी-हिरवी, खालून पांढरी लव. खत दिलं, पेंढा परत बुडाशी ओढला.

मावा आला. पानाच्या मागे शिरेलगत हिरवट दाणे, आणि खोडावरून मुंग्यांची ये-जा. इकडच्या ह्या अर्जेंटिनी मुंग्या माव्याचा गोड चिकटा चाटतात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात, मावा खाणाऱ्या लेडीबर्डच्या अळ्यांना हुसकावून लावतात. त्यामुळे नुसता मावा मारून भागत नाही. पाइपाच्या जोरदार फवाऱ्याने पानं खालून धुतली आणि मुंग्यांच्या वाटेवर बोरॅक्स-साखरेचं आमिष ठेवलं. साबणाचं पाणी मी टाळते. लवेत अडकून बसतं आणि नंतर बोंडावर उतरतं.

९ एप्रिल

ब४ दुपारी मान टाकून होतं. पाणी भरपूर, मातीला वाफसा उत्तम. पान धरून हलकेच ओढलं तर अख्खं झाड हातात आलं. खाली मुळ नाहीच. गड्ड्याचा तळ तिरका, स्वच्छ कापलेला, दातांच्या दोन-दोन समांतर रेघा स्पष्ट. शेजारी मातीत मुठीएवढं भोक आणि त्याच्या आत थंड, ओलसर हवा.

जाळीच्या खड्ड्यांतली पाचही झाडं ताठ आहेत. गोफरबद्दल आणखी काही लिहायची गरज नाही.

२३ एप्रिल

फ१ ला बोंड! मधली पानं दोन्ही हातांनी बाजूला केली तेव्हा दिसलं, लिंबाएवढं, तळाशी खोल बसलेलं. पहिले काही दिवस ते झाकलेलंच असतं, मग दांडा झपाट्याने वर येतो आणि बोंड पानांच्या वर जाऊन बसतं. आता पाण्याचा ताण पडू द्यायचा नाही. ह्या टप्प्यावर माती सुकली तर बोंड सैल होतं आणि पाकळ्यांची टोकं काळी पडतात.

उशिराची दोन रोपं, उ१ आणि उ२, आज बाहेर लावली. एक ब४ च्या जागी (आता जाळी घालून), एक मोठ्या कुंडीत.

३० एप्रिल

आई आली आहे. तिला घेऊन कास्त्रोव्हिलला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राखाडी-हिरव्या रांगा, मधून धुक्याचे पट्टे. गावात एका हॉटेलासमोर वीस फुटी सिमेंटचा आर्टिचोक उभा आहे. आईने त्याच्यापुढे फोटो काढून घेतला आणि अण्णांना पाठवला.

ह्या पिकाचा इथला इतिहास इटालियन शेतकऱ्यांचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला हाफ मून बेच्या बाजूला आर्टिचोक घ्यायचे. १९२२ मध्ये अँड्र्यू मोलेरा ह्या जमीनदाराने कास्त्रोव्हिलजवळची आपली बिटाची जमीन त्यांना खंडाने दिली, कारण आर्टिचोकमधून भाडं जास्त मिळत होतं. पुढे त्यात इतका पैसा आला की न्यूयॉर्कच्या माफियातल्या चिरो तेर्रानोव्हाने पूर्वेकडे जाणारा माल दमदाटीने आपल्या हातात घेतला. ‘आर्टिचोक किंग’ म्हणत त्याला. शेवटी २१ डिसेंबर १९३५ ला महापौर ला ग्वार्दियांनी भल्या पहाटे ब्राँक्सच्या मंडईत तुताऱ्या वाजवून छोट्या आर्टिचोकच्या विक्रीवर बंदी जाहीर केली. ती काही दिवसांतच उठवली, आणि भाव उतरले. आईला ही गोष्ट वाटेत सांगितली. “भाजीसाठी गुंड?” म्हणाली, आणि मग जरा थांबून, “आपल्याकडं कांद्यावरून सरकारं पडत्यातच की.”

२०१३ पासून आर्टिचोक ही राज्याची अधिकृत भाजी आहे. त्या मानाने कास्त्रोव्हिल गाव लहान आणि साधं. शेतात वाकलेली माणसं सगळी मेक्सिकन, पाठीवर मोठी टोपली, हातात आखूड सुरी. बोंड कापून मागे न बघता खांद्यावरून टोपलीत टाकतात.

७ मे

पहिली काढणी. फ१ चं मधलं बोंड, मुठीपेक्षा मोठं, ६०० ग्रॅम. कधी काढायचं ह्याची खूण आकारात नाही, पाकळ्यांत आहे: अजून घट्ट मिटलेल्या, पण खालच्या ओळीतल्या एक-दोन जेमतेम सैल व्हायला लागलेल्या. दाबलं की करकर वाजलं पाहिजे. दांडा तीन बोटं ठेवून कापला.

निवडायचं काम आईने घेतलं, तिला केळफुलाची सवय. हाताला तेल लावून बसली आणि कापलेला भाग लगेच लिंबाच्या पाण्यात सोडत गेली, कारण हेही हवेशी गाठ पडली की काळं पडतं. वरचा तिसरा हिस्सा कापून टाकला, राहिलेल्या पाकळ्यांची टोकं कात्रीने, मग कुकरला दोन शिट्ट्या आणि थोडा वेळ मंद आचेवर. ॲल्युमिनियमच्या भांड्यात नको, रंग जातो.

खायची रीत अशी: एकेक पाकळी ओढायची, तिच्या बुडाचा नखभर मऊ गर दातांनी खरवडून घ्यायचा, उरलेली टाकायची. असं करत आत गेलं की पातळ जांभळट पाकळ्या येतात आणि त्यांच्याखाली कुसळांचा गच्च थर. ही कुसळं म्हणजे न उमललेली फुलं. ती चमच्याने खरवडून पार काढली पाहिजेत, एक जरी घशात गेलं तरी ठसका. त्याखाली वाटीसारखा बुडखा, तोच खरा माल. चव आधी हिरवट-कडसर, मग खोबऱ्याकडे झुकणारी. आम्ही लसूण-तुपात बुडवून खाल्लं.

ताटाशेजारी टरफलांचा ढीग बघून आई म्हणाली, “एवढा पसारा अन् खायला एवढंच का?” मग पाणी प्यायली आणि पेल्यात बघायला लागली. “साखर घातलीस?” हे सायनारिनचं काम. आर्टिचोकमधलं हे द्रव्य जिभेवर असेतो नुसतं पाणीही गोड लागतं. सगळ्यांना लागतंच असं नाही. मला नाही लागलं, तिला लागलं.

रात्री तिने ओवा मागितला. त्याचंही कारण आहे: आर्टिचोकमध्ये इन्युलिन भरपूर, आणि ते पोटात वारा धरतं.

२१ मे

मधलं बोंड काढलं की दांड्याच्या बाजूच्या फांद्यांना दुसरी, मग तिसरी बोंडं येतात, प्रत्येक वेळी लहान. बियांच्या झाडांनाही आता लागली आहेत. अंड्याएवढी बोंडं मला मोठ्यांपेक्षा आवडतात, कारण आत कुसळं धरलेली नसतात. बाहेरच्या हिरव्या पाकळ्या पिवळसर भाग लागेतो तोडायच्या आणि बाकी अख्खं खायचं.

आईने ह्याची दोन पद्धतींनी वासलात लावली. एक, उभे चार तुकडे करून बेसनात ओवा-तिखट घालून भजी. ही कास्त्रोव्हिलच्या तळणीपेक्षा सरस. दोन, चिरून फोडणीला टाकून झाकण, वाफ आली की जवसाची चटणी आणि शेंगदाण्याचा कूट. कडवटपणा जवसाबरोबर चांगला जुळतो. चिंच-गूळ घालून केलेला प्रकार मात्र आम्हाला दोघींनाही जमला नाही, आर्टिचोक त्यात हरवलाच.

दांडा फेकू नये. बाहेरची दोरेदार साल जाड काढली की आतला पांढरा गाभा बुडख्याच्याच चवीचा. पानांचं काय, हे आईने विचारलंच, करडईची कोवळी भाजी तिच्या डोक्यात होती. एक तुकडा चावून बघितला तिने आणि सिंककडे गेली.

४ जून

ब३ च्या दोन बोंडांत भोकं, तोंडाशी काळपट भुसा. कापल्यावर आत पिवळसर अळी. ही आर्टिचोकच्या पिसारी पतंगाची, कॅलिफोर्नियात ह्या पिकाचा पहिल्या नंबरचा शत्रू. बाहेरून लहानसं भोक, आत बुडख्यापर्यंत बोगदा. ती बोंडं पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये अजिबात नाही. आसपासची रानटी काटेरी झुडपंही उपटली, तो पतंग त्यांच्यावरही पोसतो.

१८ जून

ऊन वाढलं, बोंडं सैल पडू लागली. काढणी संपल्यात जमा. हिशेब:

फ१: १४
फ२: ११
ब१: ८
ब२: ५ (मार्चच्या वाऱ्याने मागे पडलं)
ब३: ७, त्यांतली दोन किडकी
उ१: एक, लिंबाएवढं, लगेच उघडलं
उ२: काही नाही. पानं मात्र देखणी.

उ१-उ२ ला खत तेच, पाणी तेच, माती तीच. फक्त हिवाळा मिळाला नाही. उ१ चं ते एक बोंड बहुधा एप्रिल-मेच्या गार रात्रींची कमाई.

फुटवे आणि बी ह्यांत मी फुटव्यांच्या बाजूची. बियांचा आर्टिचोक चांगलाच आला, पण निवडून टाकलेली रोपं, ट्रे, गॅरेज, मासळीचा वास, हे सगळं करून एका झाडाला फार तर आठ बोंडं. ओळखीत जुनं झाड असेल तर सरळ नोव्हेंबरात सुरा घेऊन जावं.

२ जुलै

फ२ चं एक बोंड मुद्दाम ठेवलं होतं, ते उमललं. पाकळ्या आडव्या झाल्या आणि मधून जांभळ्या-निळ्या तुऱ्यांचा वीतभर रुंद झुपका. हीच ती कुसळं. दिवसभर मधमाश्या त्यात रुतलेल्या, काही संध्याकाळी तिथेच झोपतात.

आजोबा आले, तुरे वाळवून ठेव म्हणाले. पोर्तुगालमध्ये आर्टिचोकच्या रानटी भावंडाचे, कार्डूनचे वाळके तुरे पाण्यात भिजवून त्या पाण्याने मेंढीचं दूध धरवतात. सेर्रा दा एस्ट्रेला नावाचं चीज असंच होतं, त्यात जनावराच्या जठरातलं रेनेट नाही. हे ऐकून आईचे कान टवकारले.

१६ जुलै

कोमट गाईच्या दुधात तुऱ्यांचं गाळलेलं तपकिरी पाणी दोन चमचे. तासाभरात दूध खरंच धरलं, सुरीने कापता येईल असं. लिंबू नाही, विरजण नाही. फडक्यात टांगून मीठ लावलं. चव खव्यासारखी नाही आणि पनीरसारखीही नाही, शेवटी जिभेवर जरासं कडू. आजोबांना वाटी दिली. त्यांनी पोळीबरोबर खाल्लं आणि गाईच्या दुधाबद्दल नापसंती दाखवली.

२३ जुलै

सगळे दांडे जमिनीलगत कापले. पाणी बंदच म्हणा, तीन आठवड्यांतून एकदा खोलवर, गड्डा पार वाळू नये एवढ्यापुरतं. ह्या दिवसांत झाड पिवळं पडलं की रोज पाणी घालायचा मोह होतो, आणि तापलेल्या चिकण मातीत ओल धरली की गड्डा सडतो. वर चार इंच पेंढा. झोपू दे.

१ ऑक्टोबर

दोन भरपूर पाणी दिली आणि आठवडाभरात फुटवे वर आले. फ१ ला सात, फ२ ला पाच, ब१ ला चार. ब२ चा गड्डा मऊ झालेला होता, काढून टाकलं. ब३ पतंगामुळे काढलं.

प्रत्येक गड्ड्यावर दोनच जाडजूड फुटवे ठेवायचे, बाकीचे काढायचे. सगळे राहू दिले तर बोंडं लहान आणि फार. फ१, फ२, ब१ राहतील. उ१ आणि उ२ ह्यांना ह्या वेळी अख्खा हिवाळा मिळेल, म्हणून त्यांना जागेवर ठेवते. उ२ कुंडीतून काढून ब३ च्या खड्ड्यात जाईल. ब२ चा खड्डा मिरच्यांना.

जास्तीचे फुटवे पाऊस पडला की काढीन. मराठी मंडळाच्या दिवाळीला तिघांनी मागितलेत. एक जण ट्रेसीत राहतो, पूर्वेच्या डोंगरांपलीकडच्या मोठ्या खोऱ्यात, तिथला उन्हाळा आमच्यापेक्षा कडक. त्याला फ२ चे देईन आणि घराच्या पूर्वेला लाव म्हणून सांगीन. आईने लातूरला न्यायला बी मागितलंय. विमानतळावर बियांना वनस्पती-आरोग्याचा दाखला आणि आयातीचा परवाना लागतो, तेव्हा ते नाही. अण्णा म्हणतात, इकडं थंडी पंधरा दिवस, तुझं झाड नुसती पानंच देईल, मग माझी करडई काय वाईट.